विश्लेषण : इंजिनीअरिंगचा प्रवेश अर्ज बारावीनंतर भरायचा, मग तयारी दहावीच्या निकालापासून का?

जून संपत आला की राज्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांमधील सुविधा केंद्रांवर एकच दृश्य दिसते. सीईटीत चांगले पर्सेंटाइल मिळवलेला विद्यार्थी, सोबत फाइल घेतलेले वडील किंवा आई, आणि टेबलापलीकडून येणारा प्रश्न : ‘जात वैधता प्रमाणपत्र कुठे आहे?’ जातीचा दाखला असतो. नॉन क्रीमी लेयरही असते. वैधता मात्र नसते, कारण ती वेगळी काढावी लागते हे कोणी सांगितलेलेच नसते. दोन वर्षे क्लास, टेस्ट सिरीज, सराव प्रश्नसंच यांत गेलेली असतात. प्रवेशाची प्रक्रिया मात्र त्याच दोन वर्षांत शांतपणे पुढे सरकत होती आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते.

महाराष्ट्रात पदवीच्या प्रवेशाचा अर्ज बारावीच्या निकालानंतर भरला जातो, हे खरे. पण त्या अर्जातली निम्मी उत्तरे अकरावीच्या प्रवेशावेळीच ठरून गेलेली असतात. ती कोणती, हे समजून घेण्याची वेळ दहावीचा निकाल हाती पडतो तीच.

दहावीनंतर नेमके काय ठरून जाते?

शैक्षणिक वर्ष २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात एकाच ऑनलाइन पोर्टलवरून होऊ लागले. त्याआधी ही पद्धत मुंबई महानगर क्षेत्र, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती एवढ्यापुरतीच होती. विद्यार्थ्याला दहा महाविद्यालयांपर्यंत पसंती देता येते. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांमधून तो विद्यार्थी बाहेर पडतो. त्यामुळे ‘टाकून बघू, नाही आवडले तर बदलू’ हा हिशेब पहिल्या क्रमांकासाठी चालत नाही.

महाविद्यालयाच्या नावाची चर्चा घरोघर होते. विषयांची तेवढी होत नाही. विज्ञान शाखेत गणित सोडले की अभियांत्रिकीचा रस्ता जवळपास बंद होतो आणि जीवशास्त्र सोडले की ‘नीट’चा. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवणारे विद्यार्थी असतात, पण दोन्ही घेऊन दोन्ही परीक्षांची तयारी करणे सोळाव्या वर्षी पेलतेच असे नाही. बी. फार्म. आणि बी. एस्सी. कृषी या अभ्यासक्रमांना पीसीएम किंवा पीसीबी यांपैकी कोणत्याही गटाची सीईटी चालते. दोन्हीकडे मन अडकलेल्या विद्यार्थ्यासाठी ही माहिती मोलाची आहे.

गाव किंवा राज्य बदलले तर काय बिघडते?

हा मुद्दा सर्वांत कमी माहीत असलेला आणि सर्वांत महागात पडणारा.

राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी, मोजके अपवाद वगळता, विद्यार्थी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावा लागतो. अधिवासाचा दाखला वेगळा. म्हणजे नांदेडचा किंवा जळगावचा एखादा विद्यार्थी दहावीनंतर कोटा किंवा हैदराबादला गेला आणि बारावी तिथल्याच शाळेतून झाला, तर घर, रेशनकार्ड, मतदार यादीतले आईवडिलांचे नाव सगळे महाराष्ट्रात असूनही राज्य कोट्यातली त्याची जागा धोक्यात येते. मग उरतो तो १५ टक्के अखिल भारतीय कोटा आणि इतर मार्ग.

एनआयटीतही असेच आहे, फक्त तिथे जन्म किंवा अधिवास पाहिला जात नाही. ज्या राज्यातून बारावी उत्तीर्ण, ते विद्यार्थ्याचे ‘होम स्टेट’. नागपूरच्या व्हीएनआयटीत निम्म्या जागा महाराष्ट्रासाठी असतात. राजस्थानातून बारावी झालेला मराठी विद्यार्थी तिथे बाहेरच्या राज्याचा ठरतो.

राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेशात नियम थोडे सैल आहेत. दहावी-बारावी महाराष्ट्रात झाली नसली तरी विद्यार्थी, आई किंवा वडील यांपैकी कोणाचा अधिवास राज्यात असेल तर वेगळ्या प्रकारात अर्ज करता येतो. केंद्र सरकारच्या इथे बदलून आलेल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी वेगळा प्रकार आहे. कर्नाटकाबरोबरच्या वादग्रस्त सीमाभागातील ८६५ गावांमधल्या मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठीही स्वतंत्र प्रकार आहे. बेळगाव, निपाणीकडच्या अनेक घरांत तो आजही माहीत नसतो.

राज्याच्या आत गाव बदलले तरी एक गोष्ट बदलते, ती म्हणजे ‘होम युनिव्हर्सिटी’. गेल्या काही वर्षांच्या प्रवेशांत बारावी ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रातून झाली, ते विद्यार्थ्याचे गृह विद्यापीठ मानले गेले आणि संलग्नित महाविद्यालयांतील ७० टक्के जागा गृह विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी राहिल्या. अनेक स्वायत्त संस्थांच्या जागा मात्र राज्यस्तरावर भरल्या जातात. वैद्यकीय प्रवेशातला ७०:३० चा प्रादेशिक कोटा राज्य सरकारने २०२० मध्येच रद्द केला, त्यामुळे दोन प्रवेशांचे नियम एकमेकांत मिसळून चालत नाही. पुण्यात शिकायचे असेल आणि अकरावी-बारावीसाठी लातूरला जायचे असेल, तर त्या निर्णयात हा हिशेबही धरायला हवा. लातूरला जाऊ नये असे यातून निघत नाही. तिथे जाणाऱ्या बहुतेकांचे लक्ष वैद्यकीयवर असते आणि त्यांना याची झळ लागत नाही.

‘कागदावरचे’ महाविद्यालय किती चालते?

क्लास शहरात, नाव भलत्याच तालुक्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयात, आणि विद्यार्थी तिथे जातो तो फक्त प्रात्यक्षिक परीक्षेला. ‘इंटिग्रेटेड’ नावाने चालणारी ही पद्धत कोणापासून लपलेली नाही. २०१८ मध्ये राज्य सरकारने विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा निर्णय घेतला तो यावरच उपाय म्हणून. पद्धत बंद झाली नाही, हेही सगळ्यांना दिसते.

शिक्षणाचे काय होते हा वाद बाजूला ठेवला तरी प्रवेशाच्या अंगाने तीन अडचणी उरतात. गृह विद्यापीठ त्या कागदावरच्या महाविद्यालयाच्या पत्त्यावरून ठरते. प्रात्यक्षिकांचे गुण तिथले शिक्षक देतात. आणि जात वैधतेच्या अर्जासोबत लागणारे पत्रही त्याच महाविद्यालयाच्या प्राचार्यांच्या सहीचे लागते. ज्या महाविद्यालयाचा कारकून विद्यार्थ्याला ओळखत नाही, तिथे ही सही मिळवायला दोन-तीन खेपा सहज होतात.

जात वैधता प्रमाणपत्राला एवढा वेळ का लागतो?

जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी, म्हणजे प्रांत कार्यालय देते. तो दाखला खरा आहे का, हे तपासण्याचे काम पडताळणी समितीचे. अनुसूचित जाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि विशेष मागास प्रवर्ग यांच्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात समिती आहे. अनुसूचित जमातींच्या समित्या आदिवासी विकास विभागाच्या अखत्यारीत वेगळ्या आहेत. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर दाखला पुरत नाही, वैधता लागते.

अर्ज ऑनलाइन भरायचा आणि त्याची प्रत कागदपत्रांसह समितीकडे द्यायची. विद्यार्थ्यासाठी नमुना १६ चा अर्ज, नमुना ३ आणि १७ ची शपथपत्रे, महाविद्यालयाचे नमुना १५-अ चे पत्र. एवढे एका आठवड्यात जमते. वेळ जातो तो पुराव्यात.

पुरावा ठरावीक तारखेच्या आधीचा लागतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे २००९ साली जन्मलेल्या मुलाला आपल्या आजोबांच्या, कधी पणजोबांच्या शाळेचा उतारा शोधायचा असतो. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर त्यांच्या भावाचा, चुलत्याचा. तोही नसेल तर गाव नमुना १४ मधली जन्म-मृत्यूची नोंद, जुने खरेदीखत, महसुली अभिलेख. तहसीलच्या अभिलेख कक्षात जीर्ण रजिस्टर असते, अक्षर मोडी असते, नोंद सापडली तर आडनावात फरक असतो. शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू’ लिहून जात गाळलेली असते. वंशावळ जुळवताना आजोबांची दोन नावे निघतात, एक घरातले आणि एक कागदावरचे. समितीचे समाधान झाले नाही तर प्रकरण दक्षता पथकाकडे जाते आणि गावात चौकशी होते.

वडिलांच्या बाजूच्या सख्ख्या रक्तनात्यातील कोणाकडे वैधता प्रमाणपत्र आधीच असेल तर हा रस्ता खूप सोपा होतो. सर्वांत हाल होतात ते ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी व्यावसायिक शिक्षणाकडे निघाले आहे त्या घराचे. आरक्षण ज्यांच्यासाठी, त्यांनाच त्याचा पुरावा गोळा करणे सर्वांत जड जाते.

गेल्या काही वर्षांत सरकारने प्रवेशावेळी समितीकडे अर्ज केल्याची पोचपावती चालवून घेतली आणि प्रमाणपत्र सादर करायला काही महिन्यांची मुदत दिली. हा दिलासा असतो, हक्क नव्हे. त्या मुदतीतही वैधता आली नाही तर राखीव जागेवरचा प्रवेश टिकत नाही. अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीत आजोबांच्या गावी जाऊन उतारा काढणे आणि बारावीचे वर्ष सुरू होताच अर्ज टाकणे, हे वेळापत्रक कोणत्याही क्लासच्या वेळापत्रकाइतके महत्त्वाचे आहे. विद्यार्थ्याने नव्हे, घरातल्या मोठ्यांनी पाळायचे.

मग सगळेच कागद लवकर काढून ठेवावेत का?

नाही, आणि इथेच अनेकजण दुसऱ्या टोकाला चुकतात. ‘ईडब्ल्यूएस’ प्रमाणपत्र त्या-त्या आर्थिक वर्षापुरते असते. जानेवारीत उत्साहाने काढलेले जुलैत उपयोगाचे राहत नाही. नॉन क्रीमी लेयरही प्रवेशाच्या वर्षातील ३१ मार्चपर्यंत वैध असावे लागते, म्हणजे २०२६-२७ च्या प्रवेशासाठी ३१ मार्च २०२७ पर्यंत. तीन वर्षांचे मिळाले असेल तर त्यावरची तारीख पाहावी. उत्पन्नाचा दाखलाही एप्रिलनंतरचा. अधिवास आणि जातीचा दाखला मात्र एकदा काढला की झाले.

आणखी एक बारीक गोष्ट. आधार, दहावीची गुणपत्रिका आणि जातीचा दाखला यांवर नाव एकसारखे हवे. ‘दत्तात्रय’ आणि ‘दत्तात्रेय’ हा फरक माणसाला दिसत नाही, पोर्टलला दिसतो.

बारावीचे गुण कशासाठी, सीईटीचे कशासाठी?

अभियांत्रिकीची गुणवत्ता यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते. बारावीत खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि राज्यातील राखीव प्रवर्गांना ४० टक्के एवढी पात्रता पुरते. म्हणून बारावी सोडून द्यायची का? जेईई मेनमधून एनआयटीत जायचे असेल तर बारावीला ७५ टक्के किंवा आपल्या मंडळाच्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये असणे लागते. जानेवारीत जेईई चांगली गेली आणि मेमध्ये बारावीने दगा दिला, तर ते पर्सेंटाइल कागदावरच राहते.

सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाला सुमारे २० टक्के भार आहे, उरलेला बारावीला. पीसीएम गटात गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे, भौतिक आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० प्रश्न एकेका गुणाचे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. म्हणजे अर्धा पेपर गणिताचा.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे सांगूनही घराघरांत गोंधळ राहतो. समजा ४ लाख विद्यार्थी परीक्षेला बसले. ९५ पर्सेंटाइल म्हणजे सुमारे २० हजार विद्यार्थी पुढे आहेत. ९० म्हणजे सुमारे ४० हजार. पाच आकड्यांच्या फरकात २० हजार विद्यार्थी बसतात. राज्यात अभियांत्रिकीच्या जागा सुमारे दोन लाख आहेत, त्यामुळे जागा मिळेल का हा प्रश्न फार थोड्यांचा असतो. कोणती मिळेल आणि तिथली फी झेपेल का, हा बहुतेकांचा.

पसंतीक्रम भरताना चूक कुठे होते?

कॅपच्या अर्जात महाविद्यालय आणि शाखा मिळून एक पर्याय धरला जातो आणि असे ३०० पर्यंत पर्याय भरता येतात. संगणक गुणवत्ता यादीतल्या क्रमाने प्रत्येकाचा अर्ज उघडतो आणि वरून खाली जात पहिला उपलब्ध पर्याय देतो. त्यामुळे आवाक्याबाहेरचे महाविद्यालय वर टाकल्याने खालचे हातचे जात नाही. ‘आपल्याला काय मिळेल’ या अंदाजाने क्रम लावणारे विद्यार्थी स्वतःचेच नुकसान करतात. क्रम लावायचा तो ‘काय हवे’ याचा.

पण याला एक वेसण आहे. २०२५-२६ मध्ये चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो आपोआप ‘फ्रीझ’. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी मिळाला तरी तेच. चौथीत जे मिळेल ते अंतिम. फ्रीझ झालेली जागा स्वीकारली नाही, तर पुढच्या फेऱ्यांत संधी नाही. म्हणून पहिल्या सहा जागांवर फक्त असे पर्याय हवेत, जे मिळाले तर विद्यार्थी खरोखर तिथे जाईल. मित्राने टाकले म्हणून, किंवा गेल्या वर्षीचा कटऑफ बघून ‘सेफ’ म्हणून टाकलेले नाव तिसऱ्या क्रमांकावर असेल तर ते गळ्यात पडू शकते.

सायबर कॅफेत किंवा ओळखीच्या ‘समुपदेशका’कडून यादी तयार करून घेण्याची पद्धत रूढ झाली आहे. काही हजार रुपये मोजून मिळणारी ही यादी बऱ्याचदा गेल्या वर्षीच्या कटऑफची उतरती भाजणी असते, आणि ते कटऑफ सीईटी सेलच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. बारावीच्या वर्षात एखाद्या रविवारी घरात बसून ते उघडले, आपल्या प्रवर्गाचा रकाना शोधला, चार महाविद्यालये प्रत्यक्ष पाहून आले, तर जुलैतली घाई निम्मी होते. बघताना इमारतीपेक्षा वसतिगृहाची सोय आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे विद्यार्थी काय सांगतात, याकडे लक्ष द्यावे. ‘एआय’ जोडलेल्या शाखेचे नाव पाहून भुलण्यापेक्षा तिथे शिकवायला कोण आहे हे विचारलेले बरे.

फी कोणाला माफ, कोणाला अर्धी?

जुलै २०२४ च्या निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत फेरीतून झालेला हवा. संस्था स्तरावरची जागा, ज्याला सगळे ‘मॅनेजमेंट कोटा’ म्हणतात, ती घेतली की सवलत गेली. वसतिगृह, मेस यांचा खर्च यात नाही. या प्रवर्गांतील मुलांना शिक्षण शुल्कात निम्मी सवलत मिळते. याशिवाय ‘टीएफडब्ल्यूएस’च्या पाच टक्के वाढीव जागा असतात, त्यांत कोणत्याही प्रवर्गाच्या, आठ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या विद्यार्थ्याला शिक्षण शुल्क भरावे लागत नाही. पसंतीक्रमात हा पर्याय वेगळ्या सांकेतांकाने येतो आणि तो न भरल्यामुळे हुकलेले विद्यार्थी दरवर्षी सापडतात.

वाणिज्य आणि कला शाखेच्या विद्यार्थ्यांना हे सगळे विज्ञानवाल्यांचे वाटते. पण २०२४ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस यांनाही सीईटी लागली. पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची सीईटी आधीपासून आहे. या परीक्षांची नोंदणी बारावीच्या परीक्षेच्या आधी किंवा आसपास होते, निकालानंतर नव्हे. ‘निकाल लागू दे, मग बघू’ म्हणणाऱ्याची तारीख तेव्हा उलटलेली असते. दहावीनंतर पॉलिटेक्निकला गेलेल्यांना मात्र सीईटीविना, पदविकेच्या गुणांवर थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. हुशार मुलाने डिप्लोमा करायचा नसतो, हा समज या वाटेचा मोठा अडसर आहे.

हे सांगायचे कोणी?

क्लास गुण वाढवून देण्याचे पैसे घेतो, कागदपत्रे त्याच्या कामात बसत नाहीत. कनिष्ठ महाविद्यालयात समुपदेशक बहुतेक ठिकाणी नाही. पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप गट चुकीच्या माहितीसह का होईना, तेवढे काम करतो.

वास्तविक सरकारकडे सगळी माहिती दोन वर्षे आधीच असते. अकरावीच्या पोर्टलवर विद्यार्थी आपला प्रवर्ग, शाखा आणि पत्ता भरतो. ते पोर्टल शालेय शिक्षण विभागाचे, पडताळणी समित्या सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांच्या, सीईटी सेल उच्च व तंत्रशिक्षणाचा. या खात्यांनी माहिती एकमेकांना दिली, तर विज्ञान शाखेत प्रवेश घेतलेल्या प्रत्येक राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्याला अकरावीच्या पहिल्याच महिन्यात ‘वैधतेसाठी अर्ज करा’ एवढा एक एसएमएस जाऊ शकतो. अर्ज बारावीच्या जूनऐवजी अकरावीभर विखुरले तर समित्यांवरचा भारही एकाच वेळी येणार नाही, आणि दर ऑगस्टमध्ये मुदतवाढीसाठी मंत्रालयाकडे डोळे लावून बसायची वेळ विद्यार्थ्यांवर येणार नाही. मुदतवाढीचा शासन निर्णय काढायला सरकारला दरवर्षी वेळ मिळतो. तो एसएमएस अजून गेलेला नाही.